एका लेन्सची वही : गोंदेश्वर, झोडगे, अंजनेरी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. सिन्नर

नाशिक जिल्ह्यातल्या यादवकालीन देवळांची नीट छायानोंद करायची, असं सरांनी आणि मी श्रावणात ठरवलं. चारही बाजू, खांब, छत, लेख, पडझड, सगळं. सर म्हणजे माझे शाळेतले इतिहासाचे सर, आता निवृत्त. ते मोजतात आणि लिहितात, मी फोटो काढते. आज गोंदेश्वरची चौथी फेरी.

सकाळपासून अकरा वेळा लेन्स बदलली. शिखराला ५५-२१० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स, मागे वळून अख्खं पंचायतन (मधे मुख्य देऊळ, कोपऱ्यांत चार छोटी) घ्यायचं तर रुंद दृश्य मावणारी १६-५०, तेवढ्यात सर वरच्या थरातलं काहीतरी बोट करून दाखवणार, की पुन्हा ५५-२१०. वारा सुटलेला. शाळेची सहल आली होती आणि पोरं देवळाच्या जगतीवरून, म्हणजे जोत्यावरून, धावत होती, त्यामुळे धुळीचा लोटच. एक लेन्स काखेत, दुसरी हातात, टोपण दातांत, असा माझा अवतार बघून सर म्हणाले, "अगं, ते टोपण गिळशील एखाद्या दिवशी."

११ नोव्हेंबर

फोटो मोठ्या पडद्यावर उघडले. शिखराच्या उजवीकडे निळ्या आभाळात एक करडा ठिपका. आधी घार वाटली. पुढच्या फोटोत तिथेच, त्याच्या पुढच्यातही तिथेच. घार इतका वेळ एका जागी थांबत नाही.

सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, धूळ. एफ ४ वर (लेन्सचं छिद्र मोठं) काढलेल्यांत जेमतेम जाणवते, एफ ११ वर (छिद्र लहान) टिकलीएवढी ठसठशीत. छिद्र लहान केलं की कणाची सावली टोकदार पडते, आणि मी दगडाचा प्रत्येक थर स्पष्ट यावा म्हणून दिवसभर एफ ११ वरच होते. ब्लोअरने फुंकून पाहिलं. एक ठिपका गेला, दोन नवे आले.

१६ नोव्हेंबर

सेन्सर साफ करून घेतला.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी लवकर मत देऊन आले आणि दुपारभर एक किचकट काम केलं. ऑगस्टपासूनचे सगळे फोटो फोकल लेंथप्रमाणे, म्हणजे झूम किती मिमीवर होतं त्याप्रमाणे, लावून मोजले. एकूण ११४०. त्यातले २९० नेमके १६ मिमीला. ३८० नेमके २१० ला. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा झूमची रिंग या नाहीतर त्या टोकाला जाऊन अडलेली. ४० ते ९० च्या मधे तर सगळे मिळून पन्नासही नाहीत.

यावरून मी असं ठरवलं: रुंद हवं, लांब तर याहूनही लांब हवं, मधलं नसलं तरी चालेल. पण दोन टोकांसाठी दोन लेन्स म्हणजे पुन्हा धूळ. एकच लेन्स, जी बॉडीवरून उतरवायचीच नाही.

२४ नोव्हेंबर

रुंदापासून लांबपर्यंत सगळं एकाच लेन्समध्ये देणाऱ्या सुपरझूमबद्दल विचारायला भाच्याला पुण्याला फोन केला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पण अभ्यासापेक्षा कॅमेऱ्यांचा व्यासंग दांडगा.

"मावशी, सुपरझूम? लोक हसतील गं."

"कोण लोक? देवळात मी, सर आणि राखणदार असतो."

त्याचं म्हणणं असं की ज्या लेन्सला सगळं येतं तिला काहीच धड येत नाही. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे, नाहीतर निदान टॅमरॉनची २८-२०० तरी घे, एफ २.८ पासून सुरू होते, वजन ५७५ ग्रॅम, फोटो स्वच्छ. ऐकायला छान वाटलं. मग कागदावर मांडलं. माझा कॅमेरा सोनी अल्फा ६४००. सेन्सर लहान, म्हणून २८ मिमी माझ्याकडे ४२ सारखं दिसणार. गोंदेश्वरच्या आवारात ४२ घेऊन उभं राहायचं तर पाठ कुंपणाला टेकेल. शिवाय या लेन्समध्ये स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही आणि माझ्या बॉडीतही नाही. दोन्हीकडे नाही म्हणजे हात थरथरला की संपलं. संरक्षित स्मारकात परवानगीवाचून ट्रायपॉड लावता येत नाही, हे भाच्याला कुठून माहीत असणार.

उरल्या तीन. सोनीची १८-१३५, वजन ३२५ ग्रॅम. सोनीचीच १८-२००, ४६० ग्रॅम. टॅमरॉनची १८-३००, ६२० ग्रॅम. तिन्हींत स्टॅबिलायझर आहे.

रात्री उशिरा लक्षात आलं ते असं. "सुपरझूम अंधारी असते, लांबच्या टोकाला एफ ६.३" ही तक्रार जो तो करतो. अरे, पण माझी ५५-२१० सुद्धा २१० ला एफ ६.३ च आहे! चार महिने तेच वापरतेय. मी गमावणार काय?

१ डिसेंबर

गमावणार ते दुसऱ्या टोकाला. कॅमेऱ्यासोबतची किट लेन्स, म्हणजे माझी १६-५०, १६ पासून सुरू होते, या तिन्ही १८ पासून. दोन मिमी म्हणजे किती? दहा मीटरवरून १६ ला साधारण १४.७ मीटर रुंदी मावते, १८ ला १३ मीटर. पावणेदोन मीटरला जरा कमी. उघड्यावर दोन पावलं मागे सरकलं की काम झालं. सभामंडपात मागे खांब असतो. तिथे दोन फोटो काढून जोडायचे, किंवा १६-५० खिशात ठेवायची. ती ११६ ग्रॅमची, रुमालात गुंडाळून मावते.

लांबचं गणित याहून सोपं. १३५ ला काढलेला फोटो कातरून ३०० इतका जवळ आणायचा तर २४ मेगापिक्सेलमधले पाचच्या आसपास उरतात. २०० वरून आणला तर साडेदहा. शिखरावरच्या सांध्यांत उगवलेलं गवत आणि सुटत चाललेला दगड दाखवायचा असेल तर पाच मेगापिक्सेलमध्ये गवत दिसेल, फट दिसणार नाही.

सरांना हे सगळं उत्साहाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "वजन?" कॅमेऱ्यासकट एक किलो तेवीस ग्रॅम. सर काही बोलले नाहीत. माझा उजवा खांदा गेल्या वर्षी धरला होता ते त्यांना माहीत आहे.

७ डिसेंबर, शनिवार

१८-१३५ आणि १८-३०० दोन्ही दोन दिवसांसाठी भाड्याने आणल्या.

संध्याकाळी घरात परीक्षा. परीक्षेला भिंतीवरची दिनदर्शिका. डिसेंबरचं पान, त्यात तारखेखाली मुंगीएवढ्या अक्षरांत तिथी, नक्षत्र, सण. मधली तारीख फ्रेमच्या मधोमध, कोपऱ्यांत पहिला आणि शेवटचा आठवडा. कॅमेरा टेबलावर पुस्तकांच्या चळतीवर, दोन सेकंदांचा टायमर.

पहिल्याच फेरीत १८-३०० चा डावा कोपरा उजव्यापेक्षा स्पष्ट मऊ आला. भाड्याची लेन्स, कुठेतरी आपटली असणार, असं म्हणून मी ती बाजूला ठेवायच्या बेतात होते. भाच्याने फोनवर सांगितलं, "थांब मावशी, कॅमेरा उलटा करून काढ." खालची बाजू वर केली. लेन्समध्ये खोट असती तर मऊ कोपरा आता दिनदर्शिकेच्या दुसऱ्या बाजूला गेला असता. तो तिथेच, पहिल्या आठवड्यावर. म्हणजे लेन्स बरोबर, टेबल तिरकं.

मग पर्समधला टिकलीचा आरसा काढला आणि दिनदर्शिकेच्या मधोमध भिंतीला सपाट चिकटवला. कॅमेऱ्यातून बघत टेबल इंचाइंचाने सरकवलं. आरशात लेन्सचा स्वतःचाच काळा डोळा अगदी मधे दिसला की कॅमेरा भिंतीला समोरासमोर. याला पाऊण तास गेला. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "एकादशी कधी आहे ते नुसतं विचारलं असतंस तरी सांगितलं असतं."

निकाल. मधल्या भागात दोन्ही लेन्सेसमध्ये तिथी सहज वाचता येते. कोपऱ्यात १८-१३५ सरस, यात वाद नाही. १८-३०० चे कोपरे छिद्र पूर्ण उघडं असताना मऊ, एफ ८ ला बरेच सावरतात. सुपरझूमकडून हेच अपेक्षित होतं. रुंद टोकाला दिनदर्शिकेच्या सरळ कडा पिंपासारख्या फुगतात, लांबच्या टोकाला आत ओढल्यासारख्या होतात. कॅमेऱ्याच्या जेपीजीमध्ये आपोआप सरळ होतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याने काही न सुधारलेली) असेल तर संगणकावर त्या लेन्सचं दुरुस्तीचं प्रोफाइल लावायचं, आणि तसं करताना कडेची थोडी फ्रेम जाते, हेही धरून चालायचं. सर फोटोवरून रेखाटनं करणार असल्याने सरळ रेष सरळच हवी. हे विसरायचं नाही.

८ डिसेंबर, रविवार. झोडगे

पहाटे पाचला निघून मालेगावच्या पुढे, धुळ्याच्या वाटेवर, झोडग्याचं माणकेश्वर. भूमिज शिखर, गोंदेश्वराच्या घराण्यातलं. लहान लहान शिखरांच्या माळा एकावर एक रचत वर गेलेल्या. घरातली परीक्षा घरात, खरी इथे.

आत अंधार. १८-३०० लावली. १८ ला एफ ३.५, आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) ३२००, शटर १/१५ सेकंद, हातात धरून. खांबावरचा भारवाहक यक्ष खणखणीत आला. दोन्ही हात वर, पोट सुटलेलं, चेहऱ्यावर आठशे वर्षांचा कंटाळा. तेव्हा माझं मत पक्कं झालं. पळतं हरीण किंवा नाचतं लेकरू टिपायचं असतं तर मोठ्या छिद्राची लेन्स लागली असती, कारण तिथे स्टॅबिलायझर काही करू शकत नाही. देव हलत नाहीत. हलतो तो माझा हात, आणि त्याचं औषध लेन्समध्ये आहे.

३०० ला १/६० वर दहा फोटो काढले, सहा स्वच्छ. एरवी अशा टोकाला १/४५० तरी ठेवावं लागलं असतं.

दुपारी तासभर १८-१३५ लावली. गळ्यात आहे हे विसरायला होतं इतकी हलकी. एकदा वाटलं, हीच घ्यावी. मग सरांनी शिखराच्या वरच्या भागातली एक सरकलेली चिरेबंदी दाखवली. १३५ ला ती दिसली. ३०० ला तिच्याखाली घातलेली सिमेंटची मलमपट्टीही दिसली.

२१ डिसेंबर

१८-३०० घेतली. सोबत ६७ मिमीचा पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर), कारण जुन्या दोन लेन्सचे ४०.५ आणि ४९ चे आता कुठे बसणार. रुंद गळपट्टाही घेतला, खांद्याखातर.

५ जानेवारी २०२५, रविवार. अंजनेरी

डोंगराच्या पायथ्याची भग्न देवळं. हिंदू आणि जैन, दोन्ही. आजचं मुख्य काम जैन देवळातला शके १०६३ चा लेख. यादव सेउणचंद्राच्या काळातला, चंद्रप्रभाच्या देवळाला दिलेल्या दानाचा. सरांना काही अक्षरांचे ठसठशीत फोटो हवे होते.

मी खुशीत होते. माहितीपत्रकात लिहिलंय, १८ ला १५ सेंटिमीटरवरून फोकस, वस्तूच्या निम्म्या आकाराची प्रतिमा. मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळून मोठं टिपण्याची, हौस फुकटात भागली, असं मी घरी सांगूनही टाकलं होतं.

तिथे गेल्यावर उजेड पडला, म्हणजे पडलाच नाही. हे १५ सेंटिमीटर सेन्सरपासून मोजतात. लेन्सच साडेबारा सेंटिमीटर लांब, त्यात लेन्स जिथे बसते त्या माउंटच्या मागे सेन्सर आणखी पावणेदोन. बाकी राहिलं पाऊण सेंटिमीटर. हूड काढला, लेन्सचं तोंड दगडाला टेकतंय की काय अशा बेताने धरलं, आणि फ्रेममध्ये काळोख. लेखावर लेन्सचीच सावली. सर बाजूने विजेरी मारत होते, पण पाऊण सेंटिमीटरच्या फटीत प्रकाश शिरणार कसा? आणि शिलालेख वाचायचा तर तिरपाच प्रकाश हवा. समोरून उजेड पडला की खोदलेलं अक्षर सपाट होऊन नाहीसं होतं.

लेन्स दगडाला घासली असती तर नुकसान दोघांचं. लेखाचं भरून न येणारं. नाद सोडला.

मग उलट टोकाला गेले. ३०० ला साधारण एक मीटरवरून फोकस होतो. प्रतिमा पाव आकाराची, म्हणजे फ्रेममध्ये नऊ बाय सहा सेंटिमीटरचा तुकडा, पोस्टकार्डाहून लहान. मीटरभर जागा मोकळी. सर लेखाच्या डावीकडे बसले, विजेरी दगडाला जवळजवळ समांतर धरली आणि हळूहळू फिरवायला लागले. मी समोर मांडी घालून, कोपर गुडघ्यांवर रोवून. एका क्षणी अक्षरांच्या कडा उठल्या. काना, वेलांटी, मधे दगडाचा निघालेला टवका. सर पुटपुटले, "धर. हलू नकोस." मी श्वास रोखून नऊ फोटो काढले, त्यांतले तीन चांगले.

माहितीपत्रकातला तो निम्म्या आकाराचा दावा खोटा नाही. पण माझ्या कामाचा आकडा त्याच्या शेजारचा होता, आणि तो मी वाचलाच नव्हता.

निघताना कड्यावर गिधाड दिसलं. ३०० ला ठिपक्याएवढं आलं, पण या वेळी ठिपका खरा.

१९ जानेवारी. गोंदेश्वर

पाचवी फेरी. मंडपाचं छत. ओढणी अंथरून जमिनीवर उताणी झोपले आणि कॅमेरा छातीवर ठेवून सरळ वर धरला. जानेवारीतला काळा पाषाण पाठीला बर्फासारखा लागतो. खांबांवरची कीर्तिमुखं आणि वरची वर्तुळं एका बैठकीत, एका निजेत म्हणू हवं तर, १८ पासून १०० पर्यंत. जुन्या पद्धतीत मधे उठून लेन्स बदलावी लागली असती आणि परत त्याच जागी तस्संच झोपणं जमलं नसतं.

चालताना लेन्सची नळी खाली घसरू नये म्हणून कुलूप आहे, १८ ला बसतं. एकदा विसरले, एकदा आठवलं. पण फोटो घ्यायच्या वेळी कुलूप काढायचं मात्र चार वेळा विसरले आणि रिंगशी कुस्ती केली.

१६-५० खिशात होती. काढली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरीच. लेन्स घेतल्यापासूनच्या फोटोंची पुन्हा मोजणी. एकूण ८६०. निकाल बघून चहा गार झाला.

नेमके ३०० ला ९०. नेमके १८ ला १३०. आणि ४० ते ९० च्या मधे ३४०!

नोव्हेंबरात याच पट्ट्यात पन्नासही नव्हते, आणि त्याच्याच जोरावर मी "मधलं नसलं तरी चालेल" असं ठरवून बसले होते. तेव्हा माझ्या एका लेन्सचा शेवट ५० ला होता, दुसरीची सुरुवात ५५ ला. त्या भागातलं काही टिपायचं तर लेन्स बदलायची, बदलून लगेच परत बदलायची. हात आपसूक तो भाग टाळत होता. मी मोजला होता माझा कंटाळा, आणि त्याला गरज म्हणत होते.

आता आवाराबाहेर लांब जाऊन ६०-७० ला शिखर घेते. लांबून घेतल्याने उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकत नाहीत, आणि सरांना रेखाटनाला हवा तसा जवळजवळ सपाट दर्शनी भाग मिळतो. आधी हेच शिखर मी खालून १६ ला घ्यायची आणि मग ते मागे पडल्यासारखं का दिसतं म्हणून कपाळाला हात लावायची.

प्रामाणिकपणे लिहायचं तर या मोजणीनुसार १८-१३५ नेही बहुतेक काम भागलं असतं, आणि खांदाही कमी बोलला असता. ३०० चे ते नव्वद फोटो मात्र तिने दिले नसते. त्यांत अंजनेरीचा लेख आहे, शिखरांच्या भेगा आहेत. ज्या दिवशी कोणी विचारेल की हा दगड कधीपासून सुटायला लागला, त्या दिवशी याच नव्वदांतून शोधावं लागेल. मी बदलून घेणार नाही.

२५ फेब्रुवारी

भाच्याचा मेसेज, सोबत डोळे मिचकावणारी तीन तोंडं. सिग्माने १६-३०० जाहीर केली. ६१५ ग्रॅम, फिल्टर ६७ चाच, लांबच्या टोकाला एफ ६.७. सुपरझूमला हसणारा हाच.

१६ पासून. तेच दोन मिमी. लेन्स घेऊन दोन महिने झाले माझ्या.

थोडं पोटात तुटलं, खोटं कशाला बोलू. मग जानेवारीतल्या फेऱ्यांचे फोटो पुन्हा चाळले. १८ कमी पडलं म्हणून दोन काढून जोडलेले असे किती? चार. चारही सभामंडपातले, चारही व्यवस्थित जुळलेले. भाच्याला कळवलं, "तुला नोकरी लागली की घे आणि मला वापरायला दे."

२ मार्च, रविवार. सिन्नर

बुधवारी महाशिवरात्र झाली. गर्दीत जायचं नाही हे आधीच ठरलं होतं. आज आवार धुऊन लख्ख आणि बेलपत्रांचा वास अजून मागे. धुतलेल्या दगडावर पोलरायझर फिरवला की चमक जाते आणि छिन्नीचे घाव दिसायला लागतात, हे आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

एकदाही लेन्स उतरवली नाही. एफ ११ वर आभाळ तपासलं, स्वच्छ.

पुढच्या वेळी: सिन्नरच्याच ऐश्वरेश्वर देवळाचं मकरतोरण (मगरीसारख्या मकरांचं कोरीव तोरण) सकाळच्या तिरप्या उन्हात, साडेसातच्या आत पोचणे. विजेरीचे सेल. सरांच्या गुडघ्यासाठी घडीचं स्टूल. ५५-२१० चा खोका माळ्यावरून काढून भाच्याकडे द्यायचा, तो गिऱ्हाईक बघतो म्हणालाय.